डोंगराचे पाहुणे

भाऊबीज पार पडली, की मराठी घरात एक नवी धांदल सुरू होते. चिवड्या-चकल्यांचे डबे अजून अर्धे भरलेले असतात, मुलांच्या सुटीचे आठ-दहा दिवस शिल्लक असतात आणि पाऊस सरून आकाश कसे धुतल्यासारखे झालेले असते. मग घरातले कोणीतरी विषय काढते, "चला, कुठेतरी जाऊन येऊ." पूर्वी या 'कुठेतरी'चा अर्थ बहुधा आजोळ असा होत असे. आता तो किल्ला, लेणी, पठार असा होतो. मामाच्या घरचे पाहुणे असलेले आपण आता डोंगराचे पाहुणे झालो आहोत.

यात वाईट काहीच नाही. पण मामाकडे निघताना आई बजावून सांगत असे, "तिथे शहाण्यासारखे वागा हं! अंथरुणे आपली आपण उचला, मामीला कामात हात लावा, पसारा घालू नका." डोंगरावर निघताना हे कोण सांगते? डोंगराला मामी नाही. आपण केलेल्या पसाऱ्याकडे आठ्या घालून पाहणारे तिथे कोणी नसते, आणि मग पसारा तसाच राहतो.

मी मराठीचा अध्यापक. झाडे, पाणी, प्राणी यांचे शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण जुन्या शिलालेखांतील प्राकृत शब्दांचा माग काढता काढता मी कान्हेरीच्या लेण्यांपाशी येऊन पोचलो आणि तेथून बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथांकडे वळलो. तेव्हा ध्यानात आले, की डोंगरावर राहावे कसे आणि पाहुणा म्हणून गेल्यावर वागावे कसे, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी आणि फार बारकाईने झालेला आहे. फराळाच्या ताटाशी बसून निवांत वाचण्याजोगा हा विषय आहे. आणि उद्या सामान बांधायला घेण्यापूर्वी वाचावा, असाही आहे.

काळ्या डोंगरावरचे गाव

आमचे गडमुडशिंगी कोल्हापूर शहराला लागून. मुंबई तेथून रात्रभराच्या वाटेवर. पण कोल्हापूरकडच्या माणसाचा एखादा काका, एखादी मावशी मुंबईत असतेच, आणि पाहुण्यांना दाखवायचे म्हणून ती मंडळी हटकून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेतात. कान्हेरी आहे ती याच उद्यानात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल, त्याला चहूबाजूंनी महानगराचा वेढा, आणि आत काळ्या पाषाणाच्या टेकडीवर शंभराहून अधिक लेणी. 'कृष्णगिरी'चे प्राकृतात 'कण्हगिरी' झाले आणि लोकांच्या तोंडी त्याची 'कान्हेरी' झाली. काळा डोंगर, इतकाच त्या नावाचा साधा अर्थ.

अजिंठ्याला गेलेला माणूस चित्रे पाहून थक्क होतो. कान्हेरीला तसे दिपवणारे फार नाही. मोठे चैत्यगृह आहे, उंच बुद्धमूर्ती आहेत, पण बाकीची बहुतेक लेणी म्हणजे साध्या राहण्याच्या जागा. पुढे ओसरी, आत खोली, झोपायला दगडी ओटा. इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारास येथे वस्ती सुरू झाली आणि ती दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत नांदती राहिली. म्हणजे हजार वर्षांच्या आसपास! आपल्याकडची किती गावे एका जागी इतकी वर्षे टिकली असतील? आणि इतक्या वर्षांनंतर त्या डोंगराचे जंगल जंगलच राहिले. हे साधले कसे, हा खरा पाहण्याचा भाग आहे.

पोढी

डोंगरावर राहायचे म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन मीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ थेंब नसतो. कान्हेरीच्या टेकडीवर पावसाळ्यात ओढा धो-धो वाहतो, पण उन्हाळ्यात त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. मग त्या लोकांनी काय केले? त्यांनी डोंगराचाच पन्हाळा केला. लेण्यांच्या माथ्यावर आणि पायऱ्यांच्या कडेने बारीक चर कोरले. खडकावर पडलेला पाऊस त्या चरांतून उतरत उतरत लेण्याच्या दारातल्या टाक्यात येऊन पडतो. टाकेही उघडे नाही. तोंड लहान, पोट मोठे आणि बरेचसे खडकाच्या आत शिरलेले. उन्हाने पाणी आटत नाही, पाचोळाही फारसा पडत नाही.

एक साधा हिशेब करून पाहा. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढ्याच खडकावर दोन मीटर पाऊस पडला, तर ते दोनशे घनमीटर पाणी झाले. म्हणजे दोन लाख लिटर! त्यातले निम्मे वाहून गेले, तरी दोन-चार भिक्षूंना वर्षभर पुरून उरेल. टेकडीवरच्या बहुतेक विहारांना असे आपले आपले टाके आहे. मोठ्या नळाची वाट पाहायची नाही, शेजाऱ्याशी भांडायचे नाही. आपल्या माथ्यावर पडलेला पाऊस आपल्या दारात.

कान्हेरीच्या लेखांत या टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे. कोणी भाविकाने लेणे आणि पोढी दान दिली, असे लेख तेथे पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. दाते कोण? कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे व्यापारी आणि कारागीर, संसारी स्त्रिया, भिक्षुणी. राजेमहाराजे त्या मानाने थोडे. सामान्य गृहस्थाने देवाच्या नावाने पैसा काढावा आणि तो पाण्याच्या टाक्यावर खर्च करावा, हे मला त्या सगळ्या शिल्पाहून सुंदर वाटते. आपण देवळाला फरशी देतो आणि फरशीवर आपले नाव घालतो. त्यांनीही नाव घातलेच. मनुष्यस्वभाव तोच! पण पाण्यावर घातले.

आम्हा कोल्हापूरकरांना ही गोष्ट जरा अधिकच लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, उपसा केंद्रे बुडाली, नळ कोरडे पडले आणि चहूकडे पाणी असताना माणसे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभी राहिली. पाणी पडणे वेगळे आणि पाणी राखणे वेगळे, हे तेव्हा आम्ही शिकलो. मुंबईने ते त्यापूर्वीच पाहिले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने शहराची दाणादाण उडवली. ही मिठी उगम पावते ती विहार तलावाच्या सांडव्याशी, म्हणजे कान्हेरी ज्या डोंगररांगेत आहे तिच्याच पायथ्याशी. वरच्या अंगाला पाऊस टाक्यांत जिरवणारे जुने गाव आणि खालच्या अंगाला नदीच्या पात्रात इमारती आणि कचरा लोटणारे नवे शहर, अशी ही शेजारशेजारची दोन चित्रे आहेत.

पाचशे चीवरांचे काय झाले?

टाकी खोदून ठेवली तरी ती स्वच्छ राखण्याला शिस्त लागते. ती शिस्त भिक्षूंना विनयाच्या नियमांनी लावली होती. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये. हिरव्या गवतावरही करू नये. झाडे तोडू नयेत, जमीन उगाच खणू नये. पाणी गाळून प्यावे, कारण त्यात बारीक जीव असतात. पाणी गाळायचे फडके हे भिक्षूच्या मोजक्या आठ वस्तूंपैकी एक. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम तर लोकांच्या तक्रारीवरून झाला. कोवळे गवत आणि किडामुंगी तुडवीत ही मंडळी भर पावसात कशी हिंडतात, असे लोक म्हणू लागले आणि बुद्धांनी ते मानले.

या ग्रंथांतली एक गोष्ट मला फार आवडते. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धांचे शिष्य आनंद यांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला हे काही रुचले नाही. तो आनंदांना विचारू लागला, एवढ्या वस्त्रांचे आपण काय करणार? दुकान थाटणार की काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्या भिक्षूंना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बैठक. जुन्या बैठकीचे? पायपुसणी. आणि पायपुसण्यांचे? धूळ झाडायची फडकी. आणि ती फडकीही फाटली म्हणजे? ती कुटून, चिखलात कालवून, त्याने जमीन सारवू. राजा इतका खूश झाला, की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

वाचता वाचता आपली आजी आठवते की नाही? जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचे बाळाचे दुपटे, दुपट्याचे पोतेरे. 'टाकाऊ' हा शब्द तिच्या घरात फार उशिरा आला असावा. ही काटकसर गरिबीतून आली, हे खरे. पण आनंदांच्या दारी पाचशे वस्त्रे पडली होती. हाती भरपूर असतानाही वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत वापरायची, ही वृत्ती गरिबीच्या पलीकडची आहे.

येणाऱ्याचे कर्तव्य, जाणाऱ्याचे कर्तव्य

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. भिक्षू गावोगाव हिंडणारे. म्हणजे प्रत्येक विहारात पाहुण्यांची ये-जा चालूच. तेव्हा विनयाच्या ग्रंथात पाहुण्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. येणाऱ्या पाहुण्याचे कर्तव्य ते 'आगंतुकवत्त' आणि निघणाऱ्याचे ते 'गमिकवत्त'. मराठी वाचकाला हे सारे कळावे, म्हणून धर्मानंद कोसंबींनी मोठ्या कष्टाने बौद्ध वाङ्मय मराठीत आणले. पण आपण त्यांना पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिले.

येणाऱ्याने काय करावे? विहाराच्या आवारात शिरण्यापूर्वी वहाणा काढून झटकून हातात घ्याव्यात, छत्री मिटावी, सावकाश यावे. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरायचे कोणते, ते विचारून घ्यावे. शौचाची जागा कोठे, तेही विचारावे. रिकाम्या विहाराचे दार एकदम ढकलू नये. आधी ठोठावावे, क्षणभर थांबावे, मग उघडून बाहेरूनच आत पाहावे. आत कोणी असेल, साप-विंचू असेल, त्याला बाजूला व्हायला सवड द्यावी, हा त्यातला मतलब. जागा धुळीने भरली असेल तर झाडून घ्यावी. पाणी नसेल तर भरून ठेवावे. ज्या जागी आपण पाहुणे म्हणून आलो, ती झाडण्याचे काम आपले!

आणि निघणाऱ्याने? लाकडी आणि मातीची भांडी जागच्या जागी ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात आणि निरोप घेऊन निघावे. भिक्षू नसेल तर श्रामणेराला, तो नसेल तर विहाराच्या सेवकाला सांगून जावे. छप्पर गळत असेल आणि अंगात शक्ती असेल तर शाकारावे, नाहीतर ते शाकारले जाईल अशी खटपट करावी. आपण उद्या येथे नसणार, हे ठाऊक असताना गळके छप्पर शाकारायचे! पाहुणचाराची याहून उंच कल्पना मला कोठे भेटलेली नाही.

हे सर्व माणसाच्या चांगुलपणावर सोडून दिले नव्हते. निवासाच्या जागा नेमून देणारा, भांडार सांभाळणारा, बांधकाम आणि डागडुजी पाहणारा असे अधिकारी संघ नेमत असे. पैशाचीही तजवीज होती. कान्हेरीच्या कित्येक लेखांत 'अक्षयनीवी'चा उल्लेख आहे. मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याजावर खर्च भागवायचा, अशी ती ठेव. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात दिलेल्या एका दानात तर पूजा, चीवरे आणि ग्रंथ यांच्याबरोबर विहाराच्या दुरुस्तीलाही स्वतंत्र रक्कम लावून दिली आहे. उद्घाटनाला पैसा आणि दुरुस्तीला हात आखडता, ही रीत तेव्हाची नव्हे.

आजचे यात्रेकरू

कान्हेरीला संसारी माणसे पूर्वीही येत. भिक्षू भिक्षेवर जगत, तेव्हा त्यांना गावाशी फटकून राहणे परवडणारेच नव्हते. मौज म्हणजे भिक्षूंची वर्दळ कमी होत आली त्या काळातही हौशी पाहुणे येतच होते. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत काही पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. त्यांवरून कळते, की ही मंडळी १००९ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा १०२१ च्या ऑक्टोबरअखेर येथे आली होती. म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागेच! सुटीत लेणी पाहायला जायचे आणि भिंतीवर नाव घालून यायचे, ही खोड हजार वर्षांची जुनी आहे तर.

पण म्हणून आजच्या तरुणाने खिळ्याने आपले आणि प्रियेचे नाव कोरावे, असा त्याचा अर्थ नव्हे. ते आले दहा-पाच. आपण येतो गर्दीने, आणि येताना आपल्याबरोबर जे आणतो ते त्यांच्याकडे नव्हते. त्यांची शिदोरी पानात बांधलेली असे. पान फेकले तर चार दिवसांत माती. आपण फेकलेली वेफर्सची पिशवी आपल्या नातवंडांनाही तेथेच भेटेल. जी पोढी कोणा बाईने पुण्यासाठी कोरवून घेतली, तीत आज पाण्याची रिकामी बाटली तरंगताना दिसली म्हणजे मनाला कसेसेच होते. पाण्याच्या टाक्यात पाण्याची बाटली! याहून कडू विनोद कोणी लिहिला नसेल.

आणखी एक हौस म्हणजे माकडांना खाऊ देणे. मुलांना गंमत वाटते, आईबाप छायाचित्र काढतात. परंतु हाताने दिलेल्या बिस्किटांची चटक लागली, की ते माकड पुढच्या पाहुण्याच्या हातातली पिशवी हिसकावते, आणि बिस्किटाबरोबर प्लॅस्टिकही त्याच्या पोटात जाते. बिबट्याची गोष्टही अशीच. उद्यानाच्या कडेला कचरा साठला, की भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीत येतो. मग आपण म्हणतो, बिबट्या शहरात घुसला. त्याला आवतण गेले ते आपल्या कचऱ्याच्या ढिगातून.

मग जाऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. जी जागा कोणी पाहिली नाही, तिच्याबद्दल कोणाला ममता वाटत नाही, आणि ममता नसेल तर ती राखली जात नाही. पण गर्दी मोठी झाली, की एकेकट्याची सभ्यता पुरत नाही, व्यवस्था लागते. अजिंठ्याला ती काही प्रमाणात झाली आहे. खाजगी मोटारी फर्दापूरच्या फाट्याशी, चार किलोमीटर अलीकडेच थांबतात आणि तेथून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. मोठ्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीसच माणसे सोडण्याचा दंडक आहे. कारण माणसाच्या श्वासातल्या दमटपणानेही चित्रांचा रंग जायबंदी होतो. रांगेत उभे राहताना आपण कुरकुरतो. पण दीड हजार वर्षे टिकलेला रंग आपल्या उच्छ्वासाने उडू नये, म्हणून पाऊण तास थांबणे ही काही फार मोठी तपश्चर्या नव्हे.

आपल्या अंगणातले डोंगर

हे सारे आम्हा कोल्हापूरकरांना आताच ऐकणे जरूर आहे, कारण पाहुणे आता आमच्याकडे येणार आहेत. जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या पराक्रमाशी निगडित असलेले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत आमचा पन्हाळा आहे. आनंदाचीच गोष्ट. पण पन्हाळ्याच्या पलीकडे मसाईचे विस्तीर्ण पठार आहे, त्याच्या कड्यात पांडवदऱ्याची लेणी आहेत. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत. ही सारी अजून कशी शांत आहेत! पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ही वाट तुडवणारे तरुण मसाईवरून जातात. उद्या मोटारी जातील. पठारावरच्या पातळ मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी फुले चाकांखाली सापडली, तर ती पुन्हा लावायला कोणता माळी मिळणार आहे?

ग्रामपंचायती, वनखाते, पुरातत्त्व खाते यांनी मोटारी कोठे थांबवायच्या आणि माणसे किती सोडायची, हे गर्दी होण्याआधीच ठरवावे. गर्दी झाल्यावर ठरवू लागले, तर तोवर तेथे भेळेच्या गाड्यांची रांग उभी राहिलेली असते आणि मग कोणाच्या तरी पोटावर पाय आल्याशिवाय काही हलत नाही. स्थानिक माणसांना वाटाड्याचे, राखणीचे, भाजी-भाकरीचे काम मिळाले, तर तीच डोंगराची उत्तम राखणदार होतील. जुन्या विहारांतही सेवक होतेच.

आणि आपण घरच्या मंडळींनी? आपल्याला काही नवे शिकायचे नाही. फराळ डब्यात न्यावा, पिशवीत नको. घरचे पाणी घरच्या बाटलीत घ्यावे. जेवढे वर नेले तेवढे खाली आणावे आणि जाताना एक रिकामी पिशवी जास्त घ्यावी, म्हणजे दुसऱ्याने टाकलेलेही चार कागद उचलता येतील. गळके छप्पर शाकारण्याचा आपल्या परीने हाच अर्थ. माकडांना दुरूनच पाहावे. लेण्यात शिरताना आवाज खाली आणावा आणि खिशातले गाणे बंद करावे. दारात क्षणभर थांबावे. आत कोणी नसले तरी थांबावे.

राहता राहिला निरोप. विनयात सांगितले आहे, की विचारल्याशिवाय निघू नये. डोंगरावर आपण कोणाला विचारणार? पण आपल्या मराठीत त्याची सोय आहे. घरातून निघताना आपण 'जातो' असे कधी म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या एका शब्दात पुन्हा येण्याचे वचन असते, आणि पुन्हा येता येईल अशी जागा मागे ठेवण्याचेही. यंदा मुलाबाळांना घेऊन एखादा डोंगर उतराल, तेव्हा शेवटच्या पायरीवर जरा मागे वळून पाहा. मागे आपले काही राहिलेले नाही, अशी खात्री झाली म्हणजे खुशाल म्हणा, "येतो हं!"